नागपूरच्या विमानातलं ताट

उंचावर गेलं की माणसाची जीभ अर्धी मरते. हे मी काव्य करून सांगत नाही. विमानांना जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात मी उभी हयात काढली आणि तिथे पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं गेलं. खाली मीठ बरोबर असेल तर वर अळणी लागतं, गोडाचंही तेच, आंबट मात्र बऱ्यापैकी टिकून राहतं. म्हणून जमिनीवर स्वयंपाक थोडा बिघडवूनच करायचा, म्हणजे वर तो नीट लागतो. पुढे एका ताटाच्या पायी माझी झोप उडाली तेव्हा मी या शिकवणीलाच धरून बसले होते. वाटायचं, मीठच चुकलं असेल.

खाजगी विमान कंपन्या नव्याने निघाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. आमची कंपनी त्यातलीच एक, पुढे बुडाली, आता तिचं नावही कुणाला आठवणार नाही. विमानं भाड्याची, खुर्च्या इतरांसारख्याच, हवाई सुंदऱ्याही इकडून तिकडे नोकऱ्या बदलणाऱ्या. वेगळं काय दाखवणार? आमचे मालक दिल्लीतल्या बैठकीत टेबलावर बोट आपटून म्हणाले, “खाना! थाली देखते ही समझ में आना चाहिए कि हम कौन हैं.” प्रत्येक मार्गाला त्या त्या प्रांतातलं घरचं जेवण द्यायचं ठरलं. दिल्ली-नागपूर माझ्या गळ्यात पडलं. “आप तो महाराष्ट्रियन हैं,” आमचे साहेब म्हणाले. साहेब पंजाबी, मुख्य आचारी गढवालचा, बाकी मंडळी बिहार-बंगालची. अख्ख्या स्वयंपाकघरात मराठी म्हणून मीच, आणि मी तोवर महाराष्ट्र पाहिला होता तो तीन लग्नांपुरता.

मी झाशीची. आमचे पूर्वज कधीकाळी दप्तराच्या कामाला म्हणून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. वडील रेल्वेच्या कचेरीत कारकून. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि गल्लीत भांडायचं असेल तर बुंदेली. माझं मराठी अकराव्या वर्षी जिथे होतं तिथेच थांबलं, कारण त्या वर्षी आई गेली. बाबा बोलके नव्हतेच. त्यानंतर घरात मराठी म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘दिवा मालव’ एवढंच उरलं. पुढे मी दिल्लीला वसतिगृहात गेले. मला आमच्या लोकांच्या कितीतरी गोष्टी कळल्याच नाहीत, आणि कळल्या नाहीत हेही कळलं नाही.

आईच्या हातचं एकच जेवण मला पुरतं आठवत होतं. रोजचं नाही आठवत. एक खास जेवण होतं, वर्षातून दोनदा व्हायचं. त्या दिवशी आई पहाटे न्हायची, ओले केस तसेच गाठ मारून बांधायची आणि सोवळं नेसून स्वयंपाकघरात शिरायची. मला जवळ येऊ द्यायची नाही. “शिवू नकोस गं, जा चाचीजींकडे,” म्हणायची. चाचीजी शेजारच्या. त्यांच्या ओसरीवर बसून मी आमच्या धुराड्याकडे बघत राही. दुपारी हाक आली की घरी जायचं. तोवर गुरुजी आणि त्यांच्या बरोबरचे आणखी एक जण जेवायला बसलेले असत आणि मी दाराआडून बघत असे. भात, कढी, लाल भोपळ्याची भाजी, गवार, गव्हल्यांची खीर, भरड्याचे वडे, आमसुलाची चटणी. आमसुलं ग्वाल्हेरच्या मावशीकडून यायची, झाशीत कुठली मिळायला! आई उपाशीपोटी सहा तास चुलीशी उभी असायची.

आणि जेवणारे एक अक्षर बोलायचे नाहीत. हेच गुरुजी सत्यनारायणाला आले की शिऱ्याचं कौतुक करता करता थकायचे नाहीत, लग्नात जिलब्या मोजून खायचे आणि वर आचाऱ्याला शाबासकी द्यायचे. आमच्याकडे मात्र मान खाली घालून भुरके. बाबाही तसेच. मला इतका राग यायचा! एकदा, मी आठेक वर्षांची असेन, मला राहवलं नाही. जेवायला बसले आणि मोठ्याने म्हणाले, “आई, वडे किती मस्त झालेत!” बाबांनी असे डोळे वटारले की घास तोंडातच राहिला. आई कढईकडे वळली. तिची पाठ तेवढी आठवते, आणि पाठीवर ओल्या केसांचा डाग.

ती गेल्यावर ते जेवण आमच्या घरात पुन्हा शिजलं नाही. पोळ्या करायला एक बाई यायच्या, त्या त्यांच्या पद्धतीने करायच्या, आम्ही मुकाट्याने जेवायचो. आईविषयी बाबा बोलत नव्हते आणि मी विचारत नव्हते.

तर नागपूरच्या ताटात काय द्यायचं, हे ठरवायला मला पाच मिनिटं लागली. गव्हल्यांसाठी मी लाजपत नगरातली दुकानं पालथी घातली, आमसुलं मुंबईहून मागवली, भरडा स्वतः उभं राहून दळून घेतला. गढवाली आचाऱ्याला कढी चौदा वेळा करायला लावली. तो बिचारा म्हणाला, “मॅडम, आप बताइए तो सही, कैसी चाहिए?” सांगणार काय? चव जिभेवर होती, शब्दांत नव्हती. कांदा-लसूण आईने त्यात कधी घातला नव्हता, म्हणून मीही घालू दिला नाही. मला एवढंच हवं होतं की आईच्या या जेवणाला कुणीतरी चांगलं म्हणावं. तिच्या हयातीत ते कुणी म्हटलं नाही. आता दीडशे माणसं एका वेळी म्हणतील, रोज म्हणतील, आणि प्रत्येक ताटाबरोबर एक छापील कार्डही जाईल. त्यावर मी मराठीत छापून घेतलं होतं: ‘जेवण कसं वाटलं?’

पहिल्या दिवशी विमान परत आलं तेव्हा मी स्वतः धुण्याच्या विभागात जाऊन उभी राहिले. आमच्या धंद्यात प्रवासी काय बोलतात त्यापेक्षा ताटात काय उरतं ते बघायचं असतं. कप्प्यांच्या ढकलगाड्या आत आल्या. निम्म्याअधिक ताटांवरची झाकणं उघडलेलीसुद्धा नव्हती. काहींची उघडून पुन्हा नीट लावलेली. तरुण पोरांनी खाल्लं होतं, अमराठी प्रवाशांनी चाटूनपुसून खाल्लं होतं, असं विमानातल्या मुली सांगत होत्या. वयस्क मराठी माणसं तेवढी ताट परत करत होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी मीठ वाढवलं. कढीत मेथी कमी केली, मग पुन्हा जास्त केली. एक ताट मात्र मी विसरू शकत नाही. ते सगळं खाऊन झालेलं होतं, पण कागदी रुमाल उलगडून त्यावर प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं बाजूला काढून ठेवलेलं. घासभर भात, वड्याचा तुकडा, वर खिरीचा थेंब. इतकं नीट मांडलेलं की सांडलं म्हणता येईना. धुणारी बाई ते पाण्यात ढकलणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. का धरला, सांगता येत नाही. मग दोघीही त्याच्याकडे बघत राहिलो आणि शेवटी तिनेच ते उचललं.

कार्डं बहुतेक कोरी यायची. एकावर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आईची आठवण झाली. जेवू शकलो नाही.’ मला इतका आनंद झाला की मी ते कार्ड साहेबांच्या खोलीतल्या फलकावर टाचणीने लावलं. आईची आठवण झाली! यापेक्षा मोठी पावती काय? उरलेल्या अर्ध्या वाक्याचं स्पष्टीकरण मी देऊन टाकलं: उड्डाण लहान, वेळ पुरला नसेल.

मग एके दिवशी त्या मार्गावरची एक मुलगी माझ्याकडे आली. हसतमुख पोर, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. म्हणाली, “मॅडम, नागपुर सेक्टर पर कुछ अजीब है. हम ट्रे रखते हैं और सब चुप हो जाते हैं. कोई बात नहीं करता. एक माताजी ने हाथ जोड़ लिए, ट्रे को. मुझे डर लगता है.”

मी तिला हसून उडवून लावलं. पण घरी आल्यावर मला ते हात जोडणं दिसायला लागलं. दिल्लीहून निघालेलं ते विमान दक्षिणेकडे जातं आणि चाळीसेक मिनिटांत झाशीवरून पुढे सरकतं. नेमकं त्याच सुमाराला ताटं वाटतात. म्हणजे रोज दोनदा आमच्या घराच्या डोक्यावर माझ्या आईचं जेवण उघडलं जात होतं आणि माणसं गप्प होत होती. लहानपणी दाराआडून बघितलेली ती शांतता वर, ढगांत, कुणी पुन्हा मांडून ठेवली होती. डोळे मिटले की मला विमानातली रांगच्या रांग दिसे, सगळ्यांच्या माना खाली. भीती वाटायची. कशाची ते कळत नव्हतं.

साहेबांनी एक आठवड्याची मुदत दिली. “सुधारो, नहीं तो छोले लगा देंगे.” छोले! मी ठरवलं, आता बाबांना विचारायचं. आईची कढी जिभेवर असलेला जगात आणखी एकच माणूस होता. काय चुकतंय ते तेच सांगू शकले असते. आणि खरं सांगायचं तर माझी आई मला बरोबर आठवते की नाही, हेही मला त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं. तिचं म्हणून माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. ही चव खोटी निघाली तर संपलंच.

बर्फाच्या पेटीत सगळे डबे भरून, कंपनीचं ताट, वाट्या, चमचे, अगदी कार्डसुद्धा घेऊन मी सकाळच्या गाडीने झाशीला उतरले. निवृत्तीनंतर बाबा छावणीच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत होते. तिकडचे रस्ते एवढे शांत की दुपारी सायकलची साखळी ऐकू येते. दार उघडून मला बघितलं आणि म्हणाले, “अगं, चिठ्ठी नाही, फोन नाही? बेटा, सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे. तुम्हाला जेवायला घालायला आलेय. विमानातलं.”

“विमानातलं!” बाबा कधी विमानात बसले नव्हते. त्यांना गंमत वाटली. खुर्ची ओढून शहाण्या मुलासारखे टेबलाशी बसले.

मी गॅसवर एकेक डबा गरम केला. विमानात मांडतात तसंच मांडलं: डावीकडे चटणी, मध्ये भात, वर कढी, उजवीकडे भाज्या, कोपऱ्यात खीर, आणि वडे वेगळ्या झाकणाखाली. ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि वड्यांवरचं झाकण उचललं.

बाबा हसत होते ते थांबले. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा ताटाकडे.

“हे तू विमानात वाढतेस?”

“हो.”

“रोज?”

“रोज. दोन्ही वेळच्या विमानाला.”

ते उठले. मला वाटलं पाणी घ्यायला चालले. मोरीत जाऊन त्यांनी हातपाय धुतले, सदरा काढून उपरणं घेतलं आणि परत आले. खुर्चीवर बसले नाहीत. ताट उचलून जमिनीवर ठेवलं, पाट घेतला. प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं एका कागदावर काढलं आणि तो कागद स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कठड्यावर ठेवून आले. घासभर भात, वड्याचा तुकडा, वर खिरीचा थेंब.

“बाबा, हे काय करताय?”

त्यांनी हाताने गप्प राहा म्हणून खुणावलं आणि जेवायला लागले. मान खाली. एक शब्द नाही. मी दोनदा विचारलं, कढी कशी आहे. दोनदा तोच हात वर. त्यांनी अगदी शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला आठव्या वर्षी आला होता तसाच राग येत होता. इतक्या वर्षांनीसुद्धा हा माणूस एक शब्द बोलणार नाही!

हात धुऊन आले आणि मग बोलले. अगदी हळू.

“हे श्राद्धाचं जेवण आहे गं. आजोबांचं व्हायचं, माघात आणि पितृपक्षात. आमसुलाची चटणी, खीर आणि वडे एका पानात बघितले की आपला माणूस हात आखडतो. एरवी हे असं एकत्र करत नाहीत.”

मी तिथेच भिंतीशी बसले. ती परत आलेली ताटं, त्या हात जोडणाऱ्या माताजी, ते कार्ड. ‘जेवू शकलो नाही.’ आणि मी ते फलकावर लावून मिरवत होते! मेलेल्यांसाठी रांधलेलं मी रोज दोनदा जिवंत माणसांच्या पुढ्यात ठेवत होते, तेही दक्षिणेच्या वाटेवर, आणि वर विचारत होते, कसं वाटलं. आमचे मालक म्हणाले होते, ताट बघताच आपण कोण ते कळलं पाहिजे. कळत होतं. सगळ्यांना कळत होतं, मला सोडून.

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“पोरांना काय सांगायचं? तू मोठी झाल्यावर तिने सांगितलं असतं. मग तीच गेली. मी देवळात सीधा द्यायला लागलो. पीठ, तांदूळ, तूप द्यायचं आणि सुटायचं. घरात शिजू दिलं नाही.”

“आईचंसुद्धा नाही?”

“नाही.”

मी म्हटलं, उद्याच हे ताट बंद करते. केलंही. साहेबांना सांगितलं, कढी टिकत नाही, वर गेली की फुटते. त्यांना ते पटलं आणि नागपूरला छोले गेले. खरं कारण मी कंपनीत कुणालाच सांगितलं नाही. पण त्या दुपारी मला दुसरंच काही विचारायचं होतं. मी म्हणाले, “ती सहा-सहा तास उपाशी राबायची. तुम्ही सगळे जेवून उठायचा. एकदासुद्धा चांगलं झालंय म्हटलं नाहीत.”

“श्राद्धाच्या जेवणाला नावाजायचं नसतं. जेवताना बोलायचं नसतं, चव सांगायची नसते. पितर जेवत असतात तोवर आपण मध्ये बोलायचं नाही.”

“म्हणजे नियम होता.”

“नियम होता.” बाबा उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. “शेवटच्या वर्षी तिला बरं नव्हतं. आम्हाला कळू दिलं नाही. उभ्याने सगळं केलं. संध्याकाळी मी दारात बसलो होतो, तर येऊन मागे उभी राहिली. म्हणाली, ‘आज हात थरथरत होता. वडे बरे झाले होते का हो?’ मी म्हटलं, ‘असं विचारतात का?’ ती आत गेली. तीन आठवड्यांनी...”

पुढचं मला माहीत होतं.

“पण नियम होता ना, बाबा,” मी म्हणाले. आता मीच त्यांची बाजू घेत होते.

“नियम पानं उचलेपर्यंत असतो,” ते म्हणाले. “पानं दुपारीच उचलली होती. संध्याकाळी सांगता आलं असतं. मला माहीत होतं.”

बाहेर रस्त्यावर कुणीच नव्हतं. कठड्यावरचा कागद फडफडत होता. कावळा आला होता की नाही, हे मी उठून पाहिलं नाही, आणि त्यांनीही पाहिलं नाही.

“वडे चांगले झाले होते,” बाबा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “चांगले झाले होते गं.” दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतपत.